पंथातून पळून जाण्याचे सिनेमे: मध्यरात्रीची धाव, काटेरी तार, कुत्री... यात खरं किती?

पडदानशीन

ओटीटीवर बहुपत्नीक पंथातून सुटका या विषयाचे चित्रपट आणि मालिका इतक्या झाल्या आहेत की साचा आता तोंडपाठ झालाय. निळसर रात्र, पायघोळ झग्यातली बाई, काखेत गाठोडं, मागून कुत्र्यांचं भुंकणं, काटेरी तार आणि शेवटी हायवेवर ट्रकचे दिवे. ट्रकवाला हमखास देवमाणूस. पुढच्या दृश्यात बाई जीन्स घालून कॉफी पीत बसलेल्या.

आमच्या फिल्म क्लबात यावर चर्चा ठेवली आहे, शिवाय एक सभासद याच विषयावर वीस मिनिटांच्या लघुपटाची संहिता लिहितोय. गोष्ट अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवरच्या एफएलडीएस पंथाची (मॉर्मन धर्मातून फुटलेला, बहुपत्नीत्व पाळणारा पंथ), काळ २००३. नायिका तिशीतली, चौथी बायको, पाच मुलं. इथल्या जाणकारांना विचारायचं ते असं: पहारा, कुंपण, कुत्री यात तथ्य किती? ती सरळ पोलिसांना फोन का करत नाही? पाच मुलं घेऊन निघणं प्रत्यक्षात कसं जमतं? आणि हायवेला लागलं की गोष्ट संपते का? कपडे, घर, आवाज यातल्या ढोबळ चुकाही सांगा. माहितीपटांची यादी नको, ती आहे.

---

आडवाटेचा

कुत्र्यांपासून सुरू करू, कारण तो मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. एका कुत्र्याने लहान मुलावर हल्ला केल्यानंतर पंथाचा नेता वॉरन जेफ्स याने गावातली कुत्रीच संपवायला लावली होती. २००३ च्या गोष्टीत भुंकणारी कुत्री घातलीत तर तिथून बाहेर पडलेला प्रेक्षक पहिल्या मिनिटालाच सिनेमा सोडून देईल.

आता भूगोल. पंथाची वस्ती शॉर्ट क्रीक, म्हणजे प्रत्यक्षात दोन गावं. उत्तरेला युटातलं हिल्डेल, दक्षिणेला ॲरिझोनातलं कोलोराडो सिटी. राज्याची सीमा मधून जाते, पण चालताना ती कळतही नाही. मागे लाल खडकांचे कडे, पुढे उघडं माळरान, उंची दीड हजार मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसा भाजून निघतं आणि एप्रिलच्या पहाटे दात वाजतात. गावाभोवती तटबंदी नव्हती, नाही. घरांभोवती उंच भिंती घालायची टूम होती खरी, पण ती बाहेरच्यांच्या नजरा अडवायला. हायवे गावाला लागूनच जातो, कोणीही चालत त्यावर येऊ शकतं.

अडचण त्याच्या पुढे आहे. पहिलं बरं मोठं गाव हरिकेन, सुमारे ४० किलोमीटरवर. सेंट जॉर्ज ६५ च्या आसपास. एकटा धडधाकट माणूस ताशी पाच किलोमीटरने चालला तरी हरिकेनला पोचायला आठ तास. कडेवर तान्हं आणि हाताला धरलेली चार पोरं असतील तर पायी पळणं हा पर्यायच उरत नाही. म्हणून तुमच्या संहितेत पहिला प्रश्न 'कुंपण कसं ओलांडायचं' हा नसून 'गाडी कोणाची आणि टाकीत पेट्रोल किती' हा हवा. गाडी नवऱ्याच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावावर असेल तर ती घेऊन निघालेली बाई कागदावर गाडीचोर ठरू शकते. गाडीची नोंदणी कोणाच्या नावाची हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवून टाका, पुढचे तीन प्रसंग त्यावर अवलंबून आहेत.

पेट्रोल गावात भरलं तर गावात कळतं. पंपावरचा मुलगा, किराण्याच्या दुकानातली बाई, शेजारून जाणारा पिकअप, सगळे एकाच प्रार्थनेला बसणारे. चार-पाच आडनावांत अर्धं गाव मावतं. वेगळा पहारेकरी ठेवायची गरज पडत नाही. चर्चच्या वतीने पिकअप ट्रक घेऊन फिरणारे तरुण होतेच, अनोळखी गाडी दिसली की मागे लागायचे. पण बंदूक रोखून उभे असलेले चौकीदार ही हॉलिवूडची भर.

पोलिसांचं विचाराल तर २००३ मध्ये गावातून आणीबाणीचा फोन केला की येणारे होते कोलोराडो सिटीचे मार्शल, दोन्ही गावांना मिळून एकच दल. त्यातले अधिकारी पंथाचे सभासद. पुढे त्यातल्या काहींची पोलीस म्हणून असलेली मान्यता राज्यांनी काढून घेतली. २०१६ मध्ये फिनिक्सच्या संघीय न्यायालयात ज्यूरीने ठरवलं की दोन्ही नगरपालिका पंथाबाहेरच्या लोकांशी भेदभाव करतात, आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी दहा वर्षांसाठी देखरेख बसवली. म्हणजे तुमच्या नायिकेचा संशय पुढे कोर्टात खरा ठरला, पण तो तेरा वर्षांनी.

मार्शल टाळून काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफला फोन करायचा तर ती सीमारेषेच्या कोणत्या बाजूला राहते हे बघावं लागतं. हिल्डेलची असेल तर काउंटीचं ठाणं सेंट जॉर्जला, तासाभराच्या आत. कोलोराडो सिटीची असेल तर किंगमनला. मधे ग्रँड कॅन्यन आडवा, त्यामुळे रस्ता नेवाडातून वळसा घालून जातो, चार तासांच्या आसपास. एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन घरांत एवढा फरक. हे मला कुठल्याच काल्पनिक सिनेमात दिसलेलं नाही याचं नवल वाटतं.

---

मृण्मयी_क

आडवाटेचा यांनी बाहेरचं सांगितलं, मी घरातलं सांगते. सिनेमे खरे तिथे फसतात.

चौथी बायको म्हणजे ती एकटी कधीच नसते. एका छपराखाली चार बाया, वीस-पंचवीस मुलं. स्वयंपाक, कपडे, मुलांचा अभ्यास यांच्या पाळ्या ठरलेल्या. मोठ्या हंड्यात रात्रीच भिजवलेलं धान्य, पहाटे कोणीतरी उठून गॅस लावणारच. त्यामुळे मध्यरात्री बॅग भरणारी बाई हे दृश्यच लटकं. बॅग भरली की कपाट रिकामं दिसतं, आणि कपाट सवतीच्या मुलीलाही दिसतं. चुगली ही तिथे चुगली मानत नाहीत, आत्मा वाचवणं मानतात. मुलांना लहानपणापासून तेच शिकवलेलं.

म्हणून बाहेर पडलेल्या बायकांच्या कथनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: त्या रोजच्या कामाच्या आडून निघाल्या. डॉक्टरकडे न्यायचंय, दातांची वेळ घेतलीय, फोटो काढायला जायचंय. २००३ च्या एप्रिलमध्ये आठ मुलांना घेऊन पहाटे बाहेर पडलेल्या एका आईची हकीगत तिकडच्या वर्तमानपत्रांत भरपूर आली होती. नवरा गावात नसलेली रात्र तिने गाठली आणि मुलांना खरा बेत सांगितला नाही. त्यातला एक मुलगा गंभीर आजारी, त्याची औषधं आणि उपकरणं सोबत घ्यायची होती. गाठोड्याच्या ऐवजी हे दाखवा: एका मुलाच्या औषधाच्या बाटल्या एकेक करून चार दिवसांत गाडीत सरकवणारी आई.

लहान मुलांना काही सांगायचं नाही हा नियमच. सात वर्षांचं पोर न्याहारीला बोलून जातं. आणि मोठ्या मुलांना तर अजिबातच नाही, कारण बारा-तेरा वर्षांची मुलगी आईपेक्षा प्रेषिताला, म्हणजे पंथाच्या प्रमुखाला, जास्त मानते. सिनेमात मुलं आईच्या कुशीत घाबरून बिलगतात. प्रत्यक्षात गाडी ओळखीचं वळण सोडून गेली की मागच्या सीटवर आकांत होतो: आपण नरकात चाललोय, आई आम्हाला सैतानाच्या हाती देतेय. मी वर सांगितलेल्या कुटुंबातली थोरली मुलगी अठरा पूर्ण होताच पंथात परत गेली. आईला कोर्टातून ताबा मिळालेला असताना. या गोष्टीवर अख्खा सिनेमा उभा राहील, पण तो विकणार कोण!

आता वर्तुळाच्या बाहेरचा एक माणूस लागतोच. आधी गेलेला भाऊ, काकू, हाकलून दिलेला दीर. सॉल्ट लेक सिटीहून शॉर्ट क्रीकला गाडीने पाच तास. म्हणजे संध्याकाळी निरोप गेला तर पहाटे गाडी दारात. गावाच्या आत गाडी आणली तर लक्षात येते, म्हणून भेटायची जागा बाहेर हायवेवर. नायिका फोन कुठून करते हेही ठरवा. घरातला फोन सामायिक, कोणीही उचलून ऐकू शकतं. अनोळखी ट्रकवाला हा संहितालेखकाचा आळस आहे. पंथाबाहेरचा प्रत्येक पुरुष दुष्ट असं तीस वर्षं ऐकलेली बाई पाच मुलांसह अंधारात परक्याच्या ट्रकमध्ये चढेल?

घराबद्दल: लाकडी ओसरी, कंदील, घोडागाडी हे आमिश लोकांचं (आधुनिक यंत्रं टाळणारा अमेरिकेतला दुसराच पंथ) सामान, दिग्दर्शक बिनधास्त उचलतात. एफएलडीएसकडे मोठ्या व्हॅन, मोबाइल, बांधकामाच्या कंपन्या, विमानाचे सुटे भाग करणारा कारखानासुद्धा होता. घरं अवाढव्य आणि बाहेरून बऱ्याचदा अर्धवट: प्लायवूड उघडं, गिलावा नाही, वर मजल्याचा सांगाडा.

---

कलम_क्रमांक

कायद्याच्या बाजूने बोलतो, कारण सुटकेचा मोठा भाग तिथेच घडतो आणि पडद्यावर त्याची एक फाईलसुद्धा दिसत नाही.

घर कोणाचं? नवऱ्याचं नाही, बाईचं नाही. १९४२ साली स्थापन झालेल्या युनायटेड एफर्ट प्लॅन नावाच्या विश्वस्त निधीचं. जमीन आणि जवळजवळ सगळी घरं त्याच्या मालकीची, राहणारा हा प्रेषिताच्या मर्जीने राहणारा. त्यामुळे 'घरातला माझा वाटा' असं काही नसतं. मर्जी गेली की पुरुषालाही त्याच दिवशी उंबरठ्याबाहेर. युटाच्या न्यायालयाने हा निधी २००५ मध्ये ताब्यात घेतला, तुमची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधीची. म्हणजे २००३ मध्ये तिला मालमत्तेतून शून्य.

लग्न? कागदावर पहिल्याच बायकोचं. बाकीची लग्नं प्रेषिताने 'लावून दिलेली', सरकारी नोंद नाही. म्हणून चौथ्या बायकोला घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही, पोटगीचा दावा नाही. उलट बाजूने हेच तिच्या कामी येऊ शकतं: ॲरिझोनात विवाहबाह्य अपत्याचं पितृत्व कायदेशीर सिद्ध होईपर्यंत ताबा आईकडे आहे असं धरलं जातं. त्यामुळे त्या पहाटे मुलं घेऊन निघालेली आई अपहरणकर्ती ठरत नाही. मात्र बाप दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन पितृत्वाचा अर्ज करू शकतो, आणि त्याच्यामागे पंथाचे पैसे आणि वकील असतात.

कोर्ट कुठलं? मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिलं तिथलं. आई पळून कोलोराडो राज्यात गेली किंवा कॅलिफोर्नियात, ताब्याचा खटला तिला मूळ राज्यातच खेचतो. तातडीचा तात्पुरता आदेश दुसरं राज्य देऊ शकतं, कायमचा नाही. आडवाटेचा यांचा हिल्डेल की कोलोराडो सिटी हा प्रश्न इथे पुन्हा येतो.

घरगुती हिंसाचाराचा संरक्षण आदेश एका राज्याने दिला की तो सर्व राज्यांत लागू. तो मिळवायला अर्ज, शपथपत्र आणि काही दिवसांत सुनावणी. सुनावणीला बाप समोर बसलेला असतो. हे दृश्य कोणत्याही काटेरी तारेपेक्षा जास्त अंगावर येणारं आहे, आणि चित्रीकरणाला एक खोली पुरते.

अल्पवयीन मुलगी एकटी पळाली तर प्रकार वेगळाच. पळून आलेलं मूल पोलिसांच्या हाती लागलं की सर्वसाधारण नियम म्हणजे पालकांकडे परत. युटात तर पळून आलेल्या अल्पवयीनाला आसरा देणाऱ्याने आठ तासांत पालकांना, पोलिसांना किंवा बालकल्याण खात्याला कळवावं लागतं. न कळवलं तर आसरा देणाराच आरोपी. म्हणून सोळा वर्षांच्या मुली बाहेर पडल्यावर एका घरात टिकत नसत, सरकारी निवाऱ्यातूनही पळत, परत पाठवतील या भीतीने. 'मावशीकडे पोचली, सुटली' हा शेवट अल्पवयीन नायिकेला लावता येत नाही.

शिवाय एक कालदोष बऱ्याच ठिकाणी दिसतो. 'मी बोलले तर मलाच तुरुंगात टाकतील' हा संवाद २००३ मध्ये बरोबर आहे, कारण युटात बहुपत्नीत्व हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता. २०२० मध्ये युटाने सज्ञान आणि राजीखुशीच्या बाबतीत तो जवळपास वाहतुकीच्या दंडाइतका खाली आणला. हेतू हाच की बायका तोंड उघडतील. जबरदस्ती, फसवणूक, अल्पवयीन मुली हे प्रकार मोठे गुन्हेच राहिले.

---

तिरकस

सगळं मान्य, पण मंडळी, वीस मिनिटांचा लघुपट आहे, प्रबंध नव्हे. धाव दाखवली की प्रेक्षकाचा श्वास वाढतो, शपथपत्र दाखवलं की तो मोबाइल काढतो. दिग्दर्शकाने तार घातली तर बिघडलं काय? आणि पोलीस न बोलावण्याचं कारण मला अजून पटलेलं नाही. मार्शल फितूर, ठीक. पण राज्य सरकार, संघीय तपास यंत्रणा?

---

मृण्मयी_क

@तिरकस, तार दाखवली की बिघडतं ते असं: प्रेक्षकाला वाटतं तार नसती तर सगळ्या गेल्या असत्या. तार नव्हतीच, तरी बहुतेक गेल्या नाहीत. सिनेमाने उत्तर द्यायचं ते याचं.

सरकारबद्दल १९५३ वाचा. २६ जुलै १९५३, रविवार, पहाटे. ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी शॉर्ट क्रीकवर शंभरावर पोलीस घातले. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. गावाला आधीच कुणकुण लागलेली, पोलीस पोचले तेव्हा लोक जमून भजनं म्हणत होते. २६३ मुलं ताब्यात घेतली, आया-मुलांना बसमधून फिनिक्सला नेलं, काहींना परतायला दोन वर्षं लागली. रडणाऱ्या मुलांचे फोटो छापून आले, लोकमत उलटलं, पाइल १९५४ ची निवडणूक हरले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं दोन्ही राज्यांनी तिकडे बघायचं टाळलं. आणि पंथात ही गोष्ट दर पिढीला सांगितली जाते: सरकार म्हणजे मुलं पळवणारं. २००३ च्या नायिकेची आजी त्या बसमध्ये बसलेली असू शकते. ती फोन उचलेल?

पुढे २००८ मध्ये टेक्सासने तेच केलं. एल्डोराडोजवळच्या पंथाच्या रँचवर धाड, चारशेहून अधिक मुलं ताब्यात. ज्या फोनमुळे धाड पडली तो कोलोराडो राज्यातल्या एका बाईने केलेला बनाव निघाला. दोन महिन्यांच्या आत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना सरसकट ताब्यात ठेवता येणार नाही असं ठरवलं आणि मुलं परत गेली. हेल्मेटवाले पोलीस आले, दार फोडलं, सुटका झाली, हा शेवट ज्यांना आवडतो त्यांनी जूनमध्ये परत जाणाऱ्या त्या गाड्यांचाही विचार करावा.

---

आडवाटेचा

त्यात एक भर. धाडीतून मुलं सुटली नाहीत, पण कागद हाती लागले. हा पंथ सगळं लिहून ठेवतो: कोणाचं लग्न कोणाशी, कोणत्या तारखेला, कोणाची बायको कोणाला 'पुन्हा सोपवली'. वॉरन जेफ्स तर स्वतःचं बोलणं रोजच्या रोज टिपून घ्यायचा, ध्वनिफिती वेगळ्याच. त्याच नोंदी आणि फितींवर टेक्सासमध्ये ऑगस्ट २०११ ला त्याला जन्मठेप अधिक वीस वर्षं झाली. युटातली २००७ ची शिक्षा २०१० मध्ये रद्द झाली होती, हे विसरून काही मालिका २००६ च्या अटकेवरच पडदा पाडतात. ती अटकही कशी, तर लास वेगासजवळ हायवेवर नंबरप्लेट नीट दिसत नाही म्हणून गाडी थांबवली आणि आत देशातल्या दहा मोस्ट वाँटेडपैकी एक. असं लिहिलं असतं तर संहिता परत आली असती.

@तिरकस, धाव हवीच असेल तर सिनेमाछाप पलायन त्या पंथात झालेलं आहे, फक्त ते पीडितेने केलेलं नाही. वॉरनचा भाऊ लाइल जेफ्स, अन्नमदतीच्या घोटाळ्यात आरोपी, घरात नजरकैदेत. जून २०१६ मध्ये पायातला जीपीएस पट्टा सरकवून पसार. तपास यंत्रणेचा अंदाज असा की पायाला ऑलिव्ह ऑइल चोळून पट्टा ओढून काढला. वर्षभराने दक्षिण डाकोटात सापडला.

आणि उलट्या दिशेची धाव: २०२२ मध्ये कोलोराडो सिटीतल्या फुटीर गटाचा म्होरक्या सॅम्युअल बेटमन याला पकडल्यावर सरकारने नऊ मुली ताब्यात घेऊन निवाऱ्यात ठेवल्या. नोव्हेंबरमध्ये त्यातल्या आठ जणी निवाऱ्यातून पळाल्या, त्याच्या बायकांच्या मदतीने, आणि वॉशिंग्टन राज्यात सापडल्या. रात्रीची पळापळ, गाडी, लपण्याचं घर, सगळं होतं. फक्त त्या पंथाकडे पळत होत्या. बेटमनला डिसेंबर २०२४ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली.

---

पडदानशीन

डोक्यात पार उलथापालथ झाली, धन्यवाद. संहितालेखकाला धागा पाठवला आहे. दोन गोष्टी राहिल्या. कपडे-आवाज यावर कोणी बोललं नाही. आणि तो विचारतोय की नायिकेऐवजी नायक ठेवला तर? तरुण मुलगा पळतो अशी गोष्ट?

---

टाचणी_दोरा

कपड्यांचं मी घेते. काळा झगा आणि पांढरी टोपी नको, ते पुन्हा आमिश. फिके रंग: मोतिया, आकाशी, फिका जांभळा, पिस्ता. कापड साधं पॉलिस्टर मिश्रणाचं, शिवण घरची, गळा बंद, बाही मनगटापर्यंत, घेर घोट्यापर्यंत, खांद्याला थोडी चुणी. आत मनगट ते घोटा झाकणारं अंतर्वस्त्र, जूनमध्येसुद्धा. पायात बऱ्याचदा साधे स्पोर्ट्स शूज, ही विसंगती कॅमेऱ्यात छान दिसते. लाल रंग कुठेच नको, जेफ्सने तो वर्ज्य केला होता. नेपथ्यवाल्यांनी लाल बादली ठेवली तरी चूक. नायिकेच्या वयोगटाला केस कधीच न कापलेले, कपाळावर उंच फुगा आणि मागे लांब वेणी. हा फुगा घालायला वेळ लागतो, स्प्रे लागतो. पहाटे चारला निघालेल्या बाईचा फुगा जागेवर असेल तर ती रात्रभर झोपलीच नाही, हे न बोलता सांगता येतं.

बाहेर पडल्यावर लगेच जीन्स? महिनोन्‌महिने नाही. बाही कोपरापर्यंत आली तरी उघडं पडल्यासारखं वाटतं असं बऱ्याच जणींनी सांगितलंय. मधला टप्पा म्हणजे लांब स्कर्ट आणि त्याखाली तेच जुनं अंतर्वस्त्र. शिवाय त्या वेशात सेंट जॉर्जच्या दुकानात गेलं की लोक वळून बघतात.

आवाज. वॉरन जेफ्स आधी सॉल्ट लेकजवळच्या पंथाच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याच्या धड्यांच्या कॅसेट घराघरांत वाजत. अत्यंत संथ, एकसुरी, चढउतार नसलेला आवाज. भांडी घासताना, शिवताना, मुलं झोपताना तोच. गडगडाटी प्रवचनकार दाखवतात ते चूक. पार्श्वसंगीत काढून टाका आणि स्वयंपाकघरात ती कॅसेट लावा. मात्र २००२ च्या सप्टेंबरपर्यंत प्रेषित त्याचा बाप रुलन होता. तुमच्या २००३ मध्ये वॉरन नुकताच गादीवर आलाय आणि बापाच्या बऱ्याच विधवांशी त्याने लग्नं केली आहेत. गावात कुजबुज होती ती त्याची.

---

कलम_क्रमांक

मुलग्याचं सांगतो. तरुण मुलगा 'पळतो' ही गोष्ट होऊ शकते, पण जास्त खरी गोष्ट त्याला हाकलून देण्याची आहे. गणित उघड आहे: एका पुरुषाला दहा बायका द्यायच्या तर नऊ मुलगे जास्त झाले. कारण काहीही पुरतं. अर्ध्या बाहीचा शर्ट, सिनेमा बघितला, मुलीशी बोलला. तेरा-चौदापासून विशीपर्यंतचे असे शेकडो मुलगे शॉर्ट क्रीकच्या बाहेर रस्त्यावर आले. शिक्षण आठवीच्या आसपास तुटलेलं, पण छपराचं काम, ड्रायवॉल, काँक्रीट हे लहानपणापासून हातात बसलेलं. म्हणून भाड्याच्या एका घरात दहा-बारा जण आणि दिवसा बांधकाम, असं चित्र. २००४ मध्ये सहा जणांनी पंथावर खटला भरला. अशा मुलांची अडचण ही की वयाने अल्पवयीन, पालकांनी टाकलेले, त्यामुळे शाळेच्या अर्जावरही सही करायला कोणी नाही. २००६ मध्ये युटाने सोळा वर्षांवरील मुलांना कोर्टाकडून सज्ञानाचे हक्क मिळवायची सोय केली.

प्रौढ पुरुष घ्यायचा असेल तर जानेवारी २००४. एका शनिवारी सभेत जेफ्सने एकवीस पुरुषांची नावं वाचली, त्यात गावचा महापौर. उभं राहायला लावलं, वाळीत टाकलं, बायका-मुलं दुसऱ्यांना सोपवली. बहुतेकांनी हूं की चूं केलं नाही. घर सोडून दूर कुठेतरी खोली घेऊन राहायचं, आपल्या पापांची यादी पत्रात लिहून पाठवायची, सोबत पैसे, आणि उत्तराची वाट बघायची. कोणतं पाप हे सांगितलेलं नसतं. तुमच्या क्लबातल्या लेखकाला सांगा, टेबल, कागद आणि एक माणूस, एवढ्यात लघुपट होतो.

बाहेर आल्यानंतरचं थोडं: जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी क्रमांक, ओळखपत्र. जन्म गावातच सुईणीच्या हातून झालेला, त्यामुळे आधी कागद उभे करावे लागतात, मग शाळा, मग वैद्यकीय मदत. २००८ नंतरचा काळ असेल तर होल्डिंग आउट हेल्पसारख्या संस्था दाखवता येतील, राहायला यजमान कुटुंबं, समुपदेशन वगैरे. २००३ मध्ये मात्र मोजक्या स्वयंसेवक बायका आणि आधी सुटलेले नातेवाईक, एवढंच.

---

आडवाटेचा

चित्रीकरणाच्या जागेबद्दल: आजचं शॉर्ट क्रीक जाऊन टिपाल तर २००३ मिळणार नाही. २०१७ मध्ये हिल्डेलला पंथाबाहेरची महिला महापौर निवडून आली, २०१८ मध्ये कोलोराडो सिटीत बिअर बनवून विकणारी जागा सुरू झाली. भिंती पडल्या, पाट्या बदलल्या. मागचे लाल कडे तेवढे वापरता येतील.

आणि पडद्यावर 'पहाटे ४:००' असं लिहिणार असाल तर जपून. ॲरिझोना, नवाहो प्रदेश सोडला तर, उन्हाळी वेळ पाळत नाही, युटा पाळतं. २००३ मध्ये घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे गेली. त्यानंतरची गोष्ट असेल तर कागदोपत्री कोलोराडो सिटीत चार वाजले तेव्हा हिल्डेलमध्ये पाच. पोलिसांची नोंद, रुग्णालयाची वेळ आणि भावाच्या घड्याळातली वेळ यांचा मेळ संहितेत आधीच घालून ठेवा, नाहीतर सुनावणीच्या दृश्यात समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल.